आसनाची प्रतिष्ठा



पदवीदान समारंभातील झगा, मिरवणूक आणि व्यासपीठावरील उंच आसन ही प्रतीके कुलगुरूला पदाबरोबर आपोआप लाभतात. मात्र त्या आसनाची प्रतिष्ठा ज्यांवर टिकते, ती प्रतीके निराळी. ती आचरणातून उमटतात आणि त्यांचे मोल पदस्थाला स्वतः मोजावे लागते.

रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिजमध्ये सीनिअर रँग्लर झाले. हा बहुमान मिळवणारे ते पहिले भारतीय. मोठ्या वेतनाच्या वाटा त्यांना मोकळ्या होत्या. परंतु डेक्कन एज्युकेशन सोसायटीची सेवा करण्याचा शब्द त्यांनी आधीच दिलेला होता. तो पाळण्यासाठी ते पुण्यास परतले, दरमहा ७५ रुपयांवर शिकवू लागले आणि १९०२ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. अशा प्राचार्याला त्यागावर प्रवचन करण्याची गरज नव्हती. त्यांचे वर्गावर येणे पुरेसे बोलके होते.

दुसरे उदाहरण कलकत्त्याचे. १९२२ मध्ये तेथील विद्यापीठ आर्थिक ओढाताणीत होते. बंगाल सरकारने अडीच लाख रुपयांचे अनुदान देऊ केले, पण त्यासोबत विद्यापीठाच्या स्वायत्ततेला बाधक अटी घातल्या. कुलगुरू सर आशुतोष मुखर्जी यांनी त्या अटींना ठाम विरोध केला.

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. पैसा नाकारला की त्याची झळ कुलगुरूपेक्षा सामान्य अध्यापकाच्या घराला अधिक लागते. दुसऱ्यांच्या त्यागावर उभारलेले प्रतीक तत्त्वाचे असेल, तसेच अहंकाराचेही असू शकेल. त्याची कसोटी १९२३ मध्ये लागली. आशुतोषांना पुन्हा कुलगुरुपद देऊ करण्यात आले, तेही अटींसह. त्यांनी ते नाकारले. जो नियम त्यांनी विद्यापीठाला लावला होता, तोच स्वतःलाही लावला. म्हणूनच आधीच्या नकारालाही वजन आले.

महाविद्यालय असो वा शाळा, प्रमुखाच्या शब्दांपेक्षा त्याच्या कृतीचे वाचन अधिक बारकाईने होते. परप्रांतात साठ वर्षे उभ्या राहिलेल्या मराठी शाळेला तर हे विशेषच लागू आहे. हीरकमहोत्सवाच्या कमानी उतरतील, भाषणे विसरली जातील. मराठीचा गौरव करणारी मंडळी आपली स्वतःची मुले कोणत्या शाळेत धाडतात, एवढे मात्र शेजारपाजारी निश्चित लक्षात ठेवतील.