जत्रा नसताना रामटेक



या व्याख्यानमालेत विद्वान मंडळी बोलत असतात. माझे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर झाले, तेव्हा मी आपला एका सहलीविषयीच बोलणार आहे.

पौषात आम्ही बुटीबोरीचे काही कामगार बायकामुलांसह रामटेकला, अंबाळा तलावाच्या काठी, रोडगे करायला गेलो. त्रिपुरी पौर्णिमेची जत्रा होऊन गेलेली, रामनवमी अजून दूर, आणि पौष म्हणजे लग्नकार्यांनाही सुट्टी. घाटावर चिटपाखरू नव्हते. कणकेचे रोडगे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजेपर्यंत चांगला वेळ जातो. वांग्याच्या भाजीजवळ एकाला बसवून बाकीचे आम्ही घाट आणि देवळे बघत हिंडलो. जत्रेत यातले काही दिसत नाही, पुढच्या माणसाची पाठ तेवढी दिसते.

वर गडावर लक्ष्मणाच्या देवळात यादव राजा रामचंद्राच्या काळचा, म्हणजे तेराव्या शतकाच्या अखेरीच्या सुमाराचा शिलालेख आहे. या परिसरातील तीर्थे त्यात नावानिशी दिली आहेत. पुढे अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांनी मंदिरांचा जीर्णोद्धार केला. तेव्हा यात्रेकरूंनी यावे आणि त्यांच्यावर गावाने पोट भरावे, हा व्यवहार निदान सातशे वर्षांचा.

पण यात्रेकरू नसतील तेव्हा? नारळ-फुले विकणाऱ्या एका बाईंना मी विचारले, “बाई, एरवी कसं भागतं?” त्या म्हणाल्या, “पानाच्या मळ्यात जातो भाऊ. गेलं का पैसे, नाई गेलं का नाई.” रामटेकच्या कपुरी पानाचा लौकिक मोठा, पण त्यामागचा रोजंदारीचा हिशेब असा आहे.

हे ऐकताना मला आमच्या गाडीतल्या सहा रिकाम्या जागा आठवल्या. त्या कंत्राटी पोरांसाठी राखलेल्या होत्या. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन काढली आणि मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी रविवारची सुट्टी मागितली. ती 10 जून 1890 रोजी पदरात पडली. आमच्या या पोरांनाही आठवड्याची सुट्टी आहे, फक्त त्या दिवसाचा रोज नाही. म्हणून ती त्या दिवशी दुसरीकडे पोती उचलायला जातात. घरी बसलेल्याला विश्रांती मिळत असेल, पण चूल त्याला ती परवडू देत नाही.

उरलेले रोडगे फडक्यात बांधून आणले आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीच्या आधी फाटकावर त्यांना दिले. एकाने खाता खाता विचारले, “काका, तलाव मोठा आहे का हो?” बुटीबोरीहून रामटेक ते किती लांब! यंदाच्या मागणीपत्रात सुट्टीच्या पगाराचे कलम आम्ही पहिले घातले आहे.