सुट्टे पैसे आणि मोठे कर्ज

(अल्फारेटा येथील रविवारच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आरोग्यावर चार शब्द बोलावेत, अशी मला सूचना होती. रक्तदाब आणि मधुमेह हे माझे नित्याचे विषय. परंतु परिचारिकेच्या नोकरीत मी एक व्याधी अशी पाहिली, जिची नोंद रुग्णाच्या तक्त्यावर कधीच होत नाही. ती व्याधी म्हणजे कर्ज. कार्डाचा हप्ता चुकू नये म्हणून इन्सुलिनची मात्रा परस्पर निम्मी करणारे रुग्ण मी पाहिले आहेत. त्यांनी ती गोष्ट घरच्यांपासूनही लपवलेली असे. म्हणून आज याच व्याधीविषयी बोलते.

आपल्यातील काही नवविवाहित मुलामुलींनी मला विचारले, "मावशी, सुट्टे पैसे जमवून कर्ज फेडणारे अ‍ॅप घ्यावे का?" या अ‍ॅपची रीत सोपी आहे. आपण ४ डॉलर ३५ सेंटची कॉफी घेतली, तर अ‍ॅप ती ५ डॉलरची धरते आणि वरचे ६५ सेंट आपल्या खात्यातून बाजूला काढते. अशी रक्कम साठली की ती कर्जखात्यात भरली जाते. आपल्या शेजारच्या अटलांटा शहरातच 'कॉइन्स' नावाचे असे अ‍ॅप सुरू झाले. बँक ऑफ अमेरिकेने तर २००५ सालीच वरचे सेंट बचत खात्यात वळवण्याची योजना आणली होती.

कल्पना आपल्याला परकी नाही. १९२८ साली उडुपीच्या सिंडिकेट बँकेने पिग्मी ठेव सुरू केली. बँकेचा माणूस रोज दारी येई आणि दोन आणेसुद्धा जमा करून घेई. पुढे महाराष्ट्रातही गावोगावी पिग्मी एजंट फिरू लागले. थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण आपल्या आजीने त्यावरच जगून दाखवली. ५०० मिलिलिटर सलाईनच्या बाटलीत साधारण १०,००० थेंब असतात आणि त्या थेंबांनी माणूस उठून बसतो, हे मी स्वतः पाहिले आहे.

आता हिशेब पाहू. समजा, कार्डावर ५,००० डॉलर कर्ज आहे, व्याज वर्षाला २२ टक्के आहे आणि आपण दरमहा १५० डॉलर भरतो. हे कर्ज फिटण्यास ५२ महिने लागतील. महिन्यात ४० वेळा खरेदी झाली आणि दर खेपेस सरासरी ५० सेंट बाजूला पडले, तर २० डॉलर जमतात. ते भरून हप्ता १७० डॉलरचा झाला, तर कर्ज ४३ महिन्यांत फिटते आणि सुमारे साडेपाचशे डॉलर व्याज वाचते. सुट्ट्या पैशांना कमी लेखू नये, ते यासाठी.

पण रुग्ण रक्तस्रावाने आला असेल, तर आम्ही आधी रक्त थांबवतो. सलाईन सोबत चालू असले, तरी केवळ त्याच्यावर विसंबत नाही. वरील उदाहरणात पहिल्याच महिन्याचे व्याज ९१ डॉलरहून अधिक होते, आणि सुटे जमतात २० डॉलर. त्याच कार्डावर नवी खरेदी चालू राहिली, तर हे २० डॉलर वाहून जातील. शिवाय या अ‍ॅपमध्ये एक मोह दडलेला आहे: खरेदी जितकी अधिक, तितके सुटे अधिक. खर्च करताना बचत केल्याचे समाधान मिळणे हे धोक्याचे लक्षण समजावे.

आणखी तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, वर्गणी. अ‍ॅप महिन्याला ३ डॉलर घेत असेल आणि आपले २० डॉलर जमत असतील, तर १५ टक्के तेथेच गेले. दुसरी, पैसा कोठे जातो. एकॉर्न्ससारखी अ‍ॅप सुटे पैसे शेअर बाजारात गुंतवतात. डोक्यावर २२ टक्के व्याजाचे कर्ज असताना गुंतवणूक करणे म्हणजे गळक्या माठात पाणी भरणे होय. तिसरी, पैसा मध्ये कोणाकडे थांबतो. २०२४ साली सिनॅप्स नावाची मध्यस्थ कंपनी दिवाळखोरीत गेली, तेव्हा अनेक अ‍ॅपच्या ग्राहकांचे पैसे महिनोन्‌महिने अडकले. सरकारी विमा बँक बुडाल्यास मिळतो, मध्यस्थ बुडाल्यास नव्हे.

म्हणून मी एक बिनखर्ची मार्ग सुचवते. शुक्रवारी दिवे लावण्यापूर्वी त्सेदाकाच्या पेटीत नाणे टाकण्याची रीत अनेक घरांत आहे. त्याच दुपारी, सूर्यास्ताच्या आधी, आठवड्याचे वरचे सेंट मोजावेत आणि सर्वाधिक व्याजाच्या कार्डात स्वतःच भरावेत. बहुतेक कार्डांचे व्याज रोजच्या शिलकीवर चढते. त्यामुळे आधी भरलेला डॉलर अधिक काम करतो. किमान हप्ता मात्र वेगळा आणि वेळेवर भरावा.

रुग्णालयाच्या बिलाविषयी परिचारिका म्हणून सांगते. ते घाईने क्रेडिट कार्डावर घेऊ नका. २०१० च्या आरोग्य कायद्यानुसार धर्मादाय रुग्णालयांना आर्थिक साहाय्याचे लेखी धोरण ठेवावे लागते, आणि घरी आल्यानंतरच्या पहिल्या बिलापासून २४० दिवसांपर्यंत अर्ज करता येतो. तपशीलवार बिल मागा, साहाय्याचा अर्ज मागा. मागण्यात कमीपणा नाही.

कमीपणाचा विषय निघालाच आहे, म्हणून शेवटचे सांगते. तोरा गरजूकडून व्याज घेण्यास मनाई करते आणि सातव्या वर्षी कर्जमाफी सांगते. म्हणजे कर्जदार हा समाजाचाच माणूस आहे, हे तेथे गृहीतच धरले आहे. रांबाम यांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. त्यांतील सर्वांत वरची म्हणजे माणसाला कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन स्वतःच्या पायांवर उभे करणे. अटलांटात ज्यू समाजाची बिनव्याजी कर्ज देणारी संस्था आहे. २२ टक्क्यांचे कर्ज अंगावर बाळगण्यापूर्वी तिचे दार ठोठवावे.

१२ नोव्हेंबर २०२५ रोजी फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत चलनासाठीचे शेवटचे एक सेंटचे नाणे पाडले गेले. ते पाडण्यास साडेतीन सेंटांहून अधिक खर्च येत होता. नाणे गेले, तरी सेंटचा हिशेब राहिलाच आहे. तो हिशेब पतीने पत्नीसमोर आणि मुलांनी आईवडिलांसमोर मोकळेपणाने मांडावा. लपवलेली जखम चिघळते. उघडी केलेली धुता येते, बांधता येते आणि बरी होते.