पोटाची पारध, हौसेची शिकार

(कोटरा सुल्तानाबाद, भोपाळ येथे झालेल्या वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)

सरकारी जंगलातल्या जनावरावर हक्क सांगणारे दोन प्रकारचे लोक असतात. एकाची रात्रीची चूल त्या सशा-तित्तरावर पेटते. दुसऱ्याजवळ परवाना आणि बंदूक असते. जनावर हाती लागले नाही तरी त्याच्या घरी कोणी उपाशी निजत नाही. मराठीत पारध आणि शिकार असे दोन शब्द आहेत. बोलण्यात ते काटेकोर वेगळे ठेवले जात नाहीत, जुन्या गोष्टींतला राजाही पारधीलाच जातो. तरीही पारधी म्हटले की जमात डोळ्यांपुढे येते आणि शिकारी म्हटले की बंदूक. कायद्याला मात्र हा फरक कधी दिसला नाही, आणि सगळे दुखणे तिथून सुरू होते.

1871 चा गुन्हेगार जमातींचा कायदा आणि 1878 चा वन कायदा श्रोत्यांना परिचित आहेत, त्यांच्या कलमांत शिरण्याचे कारण नाही. लक्षात घ्यायचे ते इतकेच की दोन्ही कायदे एकाच दशकातले आहेत. एकाने पारध्याला जन्मतः संशयित ठरवले, दुसऱ्याने त्याचे रान सरकारजमा केले. पुढे 1927 च्या वन कायद्यातही राखीव जंगलातली शिकार नियमांच्या ताब्यात राहिली. मध्य प्रांतात जंगलांचे शिकारीसाठी ब्लॉक पडले आणि फी भरून परवाना काढणाऱ्याला ते मिळू लागले. त्याच रानात राहणाऱ्या गोंड-कोरकूंच्या वाट्याला हाका घालण्याची मजुरी आली. जनावर उठवायचे त्यांनी आणि मचाणावर बसायचे दुसऱ्याने. संस्थानांत निराळे चित्र नव्हते. भोपाळचे नवाब हमीदुल्ला खान नामांकित शिकारी होते आणि चिकलोदची कोठी त्यांच्या शिकारीच्या मुक्कामांसाठी प्रसिद्ध होती.

स्वातंत्र्यानंतर साहेब गेला, ब्लॉक राहिले. परदेशी पाहुण्यांना मध्य प्रदेशच्या जंगलांत वाघ मारायला नेणाऱ्या शिकार-कंपन्या चालल्या. वाघाची शिकार 1970 मध्ये बंद झाली आणि 1972 मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्यातही काही प्राण्यांच्या शिकारीसाठी परवान्यांची सोय होती, ती 1991 च्या दुरुस्तीने गेली. म्हणजे बंदूकवाल्याला सरकारी रानात जायला सुमारे शंभर वर्षे रीतसर दार होते. फासे लावणाऱ्याला त्या दाराने जाण्याची ऐपत कधीच नव्हती.

हा फासे लावणारा कोण, हे थोडे सविस्तर पाहिले पाहिजे. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या 1916 च्या ग्रंथात मध्य प्रांतातील पारध्यांच्या पोटशाखा दिल्या आहेत. फासेपारधी आतड्याच्या तातीचे फास खुंट्यांना बांधून शेताच्या कडेला ओळीने लावतो आणि पाखरांना न उडवता, सावकाश, पायी चालवत त्यांत आणतो. पिंजऱ्यातल्या पाळीव तित्तराला बोलते करून रानातला तित्तर जवळ बोलावतो. टाकणकर जात्याला टाकी लावून देतो. गायके शिकवलेल्या जनावराच्या आडोशाने सावजाजवळ जातात. गुरू पुढे, पारधी मागे, आणि हरणाला वाटते की कोणाचे तरी ढोर चरते आहे. (हशा.) या हिकमतीला हसू येते खरे, पण हरणाची नजर, वाऱ्याची दिशा आणि गुराची चाल या तिन्हींचा अभ्यास तिच्यात आहे.

सर्वांत विलक्षण शाखा चित्तापारध्यांची. पाळण्यातून वाढवलेला चित्त्याचा बच्चा शिकार शिकत नाही, ती त्याला आईच शिकवते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. म्हणून ते वाढलेला रानचा चित्ता धरत. चित्ते खूण करायला आणि नख्या घासायला ठराविक झाडांपाशी पुन्हा पुन्हा येतात. अशा झाडाभोवती तातीचे फास पसरत. धरलेल्या चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी चढवून त्याला खाटेवर बांधून ठेवत. बायका-मुले दिवसभर भोवती बसून बोलत राहत, म्हणजे त्याला माणसाच्या आवाजाची सवय होई. काही महिन्यांत तो बैलगाडीतून काळविटांच्या कळपापर्यंत जाऊन, टोपी काढताच झेपावून, पुन्हा हातात येण्याइतका तयार होई. कोल्हापूरचा चित्तेखाना याच विद्येवर उभा होता. देशी चित्ते मिळेनासे झाले तेव्हा तिथे आफ्रिकेतून चित्ते आणले गेले आणि त्यांनाही याच पद्धतीने तयार करण्यात आले. इकडे 1947 मध्ये कोरिया संस्थानच्या राजांनी तीन चित्ते मारले. ते भारतातले नोंदलेले शेवटचे चित्ते. 1952 मध्ये चित्ता देशातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले आणि त्याच वर्षी पारधी गुन्हेगार जमातींच्या यादीतून मुक्त झाला. सप्टेंबर 2022 मध्ये नामिबियाचे आठ चित्ते याच मध्य प्रदेशात, कूनोला उतरले. चित्त्याचे झाड ओळखणारी पारध्यांची पिढी तोवर संपली होती. चित्त्याविषयी सांगायचे पुष्कळ आहे, पण घड्याळ पुढे गेले आहे आणि कायद्याचा मुख्य भाग अजून बाकी आहे.

वन हक्क कायदा 2006 चा. तेंदू, मोह, मध, चराई, मासळी या सर्वांवरचा हक्क त्याने मान्य केला. इतर परंपरागत हक्कांचे कलमही घातले, पण तिथेच शिकार आणि प्राणी धरण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत वगळला. मासा धरणाऱ्याचा हक्क राहिला, तित्तर धरणाऱ्याचा गेला. अपवाद एकच: वन्यजीव कायद्याचे कलम 65 निकोबार बेटांवरील अनुसूचित जमातींच्या शिकारीच्या हक्कांना हात लावत नाही. म्हणजे पोटासाठी शिकार करणाऱ्याला वेगळे ओळखणे भारतीय कायद्याला अशक्य नव्हते. समुद्रापलीकडे त्याने ते केले आहे.

जगात हा प्रश्न उघडपणे लढला गेला आहे. अमेरिकेच्या अलास्का राज्यात 1980 च्या कायद्याने संघराज्याच्या जमिनीवर, प्राणी कमी पडू लागले तर निर्वाहासाठी शिकार करणाऱ्या ग्रामीण रहिवाशांना पहिला मान दिला. राज्याच्या घटनेत मासे आणि वन्यप्राणी सर्वांच्या सामायिक वापराचे मानले आहेत. त्या आधारे 1989 मध्ये अलास्काच्या सर्वोच्च न्यायालयाने ग्रामीण अग्रक्रम राज्यापुरता रद्द केला. पुढच्याच वर्षी संघराज्याने आपल्या जमिनीवरचा कारभार स्वतःकडे घेतला, आणि तो वाद अजून मिटलेला नाही. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1990 च्या स्पॅरो खटल्यात मासेमारीपुरता क्रम लावला: आधी संरक्षण, मग मूळ रहिवाशांचे अन्न, त्यानंतर इतर सर्व. जनावर आधी, पोट नंतर, हौस शेवटी. आपल्याकडे हौस शंभर वर्षे पहिली होती आणि बंदीच्या दिवशी तिला पोटाच्या बरोबरीने बसवले गेले. बंदीने एकाचा छंद गेला, दुसऱ्याचा धंदा गेला, आणि दोघांना सारखेच वागवले म्हणून समाधान मानले गेले.

(श्रोत्यांतून: मग पुन्हा शिकार सुरू करायची का?) तसे मुळीच नाही. वन्यजीव कायदा टिकलाच पाहिजे. कोलार, केरवा, कलियासोतपर्यंत वाघ येतो आणि रातापानी डिसेंबर 2024 मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला, ही त्या कायद्याचीच कमाई आहे. वाघाच्या चोरट्या शिकारीच्या खटल्यांत पारधी आणि बहेलिया टोळ्या आल्या आहेत, हेही झाकण्यासारखे नाही. पण त्या कातड्या-हाडांचा खरेदीदार पारधी नसतो. ज्याची विद्या सरकारने बेकायदा ठरवली आणि बदल्यात काहीच दिले नाही, त्याच्या दाराशी हा खरेदीदार पैसे घेऊन सर्वांत आधी पोहोचतो. घेतलेल्या हक्काची भरपाई ठरवली नाही, ही चूक संरक्षणालाच महाग पडते.

भरपाई कशी असू शकते, हे पन्नाने थोडेफार दाखवले. तिथले वाघ 2009 पर्यंत संपले होते, त्याच वर्षापासून बाहेरून वाघ आणून वस्ती पुन्हा बसवली गेली. त्याच पन्नात पारधी मुलांसाठी वसतिगृहे निघाली आणि पारधी तरुण पर्यटकांना पायी रान दाखवू लागले. ठसा कोणाचा, किती वेळापूर्वीचा, पाखरू कशाला ओरडले, हे ते सांगतात आणि त्याची मजुरी घेतात. विदर्भात अकोला-वाशीमच्या माळांवर फासेपारध्यांनी तणमोर पक्ष्याची माळराने राखण्याचे काम हाती घेतले आहे.

भोपाळमध्ये मात्र अजून तशी सुरुवात नाही. भोपाळ, रायसेन आणि सीहोर जिल्ह्यांतले पारधी 2003 मध्ये अनुसूचित जमातींच्या यादीतून वगळले गेले. शहरातल्या अनेक पारधी कुटुंबांचा संसार कचरा वेचण्यावर चालतो. या व्याख्यानाच्या जागेपासून वनविहार आणि भारतीय वन प्रबंधन संस्था दोन्ही जवळ आहेत. वनरक्षक, माग काढणारे आणि गणनेसाठी लागणारे मजूर वेळोवेळी घेतले जातात. त्या कामांवर पहिला हक्क पारध्यांचा, असे राज्याच्या नियमांत एका ओळीने लिहिता येते.