आचारी आणि आचार्य

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेतील भाषण)



'आचार्यांना बोलवा' म्हटल्यास गुरुजन येतील. 'आचाऱ्यांना बोलवा' म्हटल्यास स्वयंपाकी. हा भेद मराठीने केवळ एका अर्ध्या 'ऱ'वर राखला आहे. तो संगणकावर चटकन सापडत नाही, म्हणून आपण प्रश्नपत्रिकेत 'दऱ्या'ऐवजी 'दर्या' छापतो आणि मूल डोंगर सोडून समुद्राचे वर्णन लिहिते. चूक आपली, गुण मात्र त्याचे जातात.

उपाय सोपा आहे. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून 'र'ची कळ दाबल्यास 'ऱ' उमटतो. अन्य कळफलक वापरणाऱ्यांनी वर्डमध्ये 'इन्सर्ट'मधील 'सिम्बॉल' व पुढे 'मोअर सिम्बॉल्स' उघडून ०९३१ या संकेतांकाचे हे अक्षर निवडावे. नंतर 'शॉर्टकट की' येथे, दुसऱ्या कामास न लावलेली कळजोडी दाबून 'असाइन' करावे. पुढे 'ऱ', हलन्तचिन्ह व 'य' या क्रमाने 'ऱ्य' सिद्ध होतो. 'वऱ्हाड', 'कुऱ्हाड' यांतील 'ऱ्ह'ही तसाच.

ही योजना प्रत्येक संगणकावर एकदाच करावयाची आहे. मुलांना शुद्धलेखन शिकविणाऱ्यांच्या हातून अशुद्ध कागद बाहेर पडू नये, एवढीच विनंती.