चाकांवरचा पाळणा

"आई, या वेळी हॉटेल नको. घरच बरोबर घेऊन जाऊ," असं सूनबाई म्हणाली, तेव्हा नातू नऊ महिन्यांचा होता. घर म्हणजे भाड्यानं मिळणारी कॅराव्हॅन. आत चौघांच्या झोपण्याची सोय, शेगडी, फ्रिज, छोटंसं स्वच्छतागृह. चालक गाडीबरोबरच येतो. महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, ती बातमी वाचून मी हसले होते. बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडणं ही हौस असू शकते, हे आमच्या पिढीला पटत नाही. आमच्याकडे बिऱ्हाड हलायचं ते बदली झाली की.

ठाण्याहून डहाणूजवळच्या चिखल्याला जायचं ठरलं. रस्ता तीन-साडेतीन तासांचा. गाडीत शिरल्याशिरल्या मी बाळाला मांडीवर घेऊन खिडकीशी बसले, तर सूनबाईंनी त्याला उचललं आणि खास त्याच्यासाठी आणलेल्या खुर्चीत, मागे तोंड करून, पट्ट्यांनी बांधून टाकलं. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा अशी आसनव्यवस्था न लावता नेलं तर एक हजार रुपये दंड आहे, ही माहितीही मला मिळाली. कॅराव्हॅनमधला तो आडवा सोफा या खुर्चीला चालत नाही. नीट पट्टा असलेली, पुढे तोंड असलेली जागाच लागते. म्हणजे पलंग, गादी, लोड, सगळा थाट गाडी उभी असतानाचा. चालत्या गाडीत बाळाच्या वाट्याला एक खुर्ची.

त्यानं घोडबंदर रोडपासून जो सूर लावला, तो मनोर आलं तरी सुटेना. "अगं, पोर रडून निळं होईल, दे माझ्याकडे," मी दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा तोंड उघडणार, एवढ्यात एका ट्रकनं अचानक रांग बदलली आणि आमच्या चालकानं करकचून ब्रेक मारला. कपाटाची कडी कोणीच नीट लावली नव्हती. कुकर, पोह्यांचा डबा आणि माझं पोळपाट, तिन्ही वस्तू पुढे येऊन आदळल्या. मीही पट्ट्यातच होते, तरी हातातली पाण्याची बाटली कुठल्या कुठे गेली. बाळ खुर्चीत जागच्या जागी होतं. दचकून क्षणभर गप्प झालं आणि पुन्हा रडू लागलं. माझी नजर मात्र त्या बाटलीवरून हलेना. अर्ध्या किलोची बाटली मला धरता आली नाही. बाळ साडेआठ किलोचं होतं. पुढे डहाणूपर्यंत मी एक अक्षर बोलले नाही.

दर दीड-दोन तासांनी गाडी थांबवायची, बाळाला खुर्चीतून काढून मोकळं करायचं, हा सूनबाईंचा दुसरा नियम. त्यामुळे पोचायला सहा तास लागले. पण चारोटी नाक्याजवळ थांबलो, तेव्हा या गाडीचं खरं सुख कळलं. मुगाच्या डाळीची मऊ खिचडी तिथल्या तिथे शिजली. लंगोट बदलायला स्वच्छ गादी मिळाली. दूध पाजायला पडदा ओढला की झालं. माझ्या मुलाच्या वेळी एस. टी. स्टँडवर पदराआड जे काय करावं लागे, ते आठवून मला सुनेचा थोडा हेवाच वाटला.

डहाणूहून किनाऱ्याच्या रस्त्यानं नरपड, चिखले, घोलवड, बोर्डी अशी गावं लागतात. एका बाजूला समुद्र आणि सुरूची झाडं, दुसऱ्या बाजूला चिकूच्या वाड्या. घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तो हाच पट्टा. पाहुणे ठेवणाऱ्या एका वाडीत आम्ही गाडी लावली. ओहोटीला इथला समुद्र इतका आत जातो की बाळाला ओल्या वाळूवर मनसोक्त रांगू देता आलं. वाळूची चवही त्यानं घेतली.

दुपार मात्र वाईट गेली. उभी गाडी उन्हात तापते, हे फेब्रुवारीतही खरं. वातानुकूलन चालायला बाहेरची वीज हवी, आणि नेमकी तीच गेली. बाळ घामानं भिजलं, मानेवर पुरळ आलं. त्यात आता गाडी हलत नाही म्हणून त्याला झोप येईना! सकाळी हलते म्हणून रडला, दुपारी हलत नाही म्हणून.

वाडीत चिकू उतरवायला आलेली एक बाई हे सगळं पाहत होती. तिचंही तान्हं तिथेच झाडाला बांधलेल्या झोळीत निजलेलं. ती म्हणाली, "आजी, गाडीत वारा नाय. पोर निजंल कसं? लुगडं द्या एक." मी माझी जुनी सुती साडी दिली. तिनं वाडीच्या कडेला, वाऱ्याच्या तोंडाशी, दोन सुरूंच्या मध्ये झोळी बांधली, स्वतःचा भार टाकून गाठ तपासली आणि बाळाला उताणं ठेवलं. पाच मिनिटांत डोळे मिटले. मग बाई पुन्हा कामाला गेली. तिची सहा-सात वर्षांची मुलगी मात्र दोन्ही झोळ्यांना आळीपाळीनं झोका देत राहिली.

ते बघताना मला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ आठवल्या. १९४५ मध्ये इथून जवळच बोर्डीला त्यांनी काम सुरू केलं, ते पुढे कोसबाडला गेलं. मोठ्या मुली शाळेत येत नाहीत, कारण काखेत धाकटं भावंड असतं, हे त्यांनी ओळखलं आणि शाळेला बालवाडी व पाळणाघर जोडलं. त्या मुलीला मी विचारलं, "शाळेत जातेस ना?" "आज रविवार हाय," ती म्हणाली. मी ओशाळले.

तिच्या हातातली दोरी मी घेतली आणि तिला खेळायला पाठवलं. सूनबाई शेजारी येऊन बसली. झोळीत बाळाला एकटं सोडायचं नाही, हा तिचा तिसरा नियम होता, आणि त्यावर आमचा वाद झाला नाही. दोन तास आम्ही दोघी आळीपाळीनं दोरी ओढत होतो. मुलगा आणि चालक गाडीच्या सावलीत घोरत होते.

परतताना कपाटाच्या कड्या मी स्वतः तपासल्या. पोळपाट दोरीनं बांधलं. बाळ खुर्चीत बसलं आणि विरारपर्यंत रडलं.