सहा खेड्यांतल्या आयांनी दिलेली उत्तरे



मी डॉक्टर नाही, शेतकरी आहे. स्वागताध्यक्षाला विषयातले फारसे कळावे लागत नाही, हा या पदाचा मोठाच फायदा! तरी माता-बाल आरोग्याची परिषद इथे पुणे जिल्ह्यात भरते आहे, तर आमच्या मुलखातली एक हकीकत पाहुण्यांच्या कानावर घालतो.

पुण्याचे केईएम रुग्णालय डॉ. बानू कोयाजींनी शहराच्या वेशीबाहेर, वढू गावापर्यंत नेले. त्याच रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत मातांच्या पोषणाचा अभ्यास हाती घेतला. दिवस राहण्याआधीपासूनच दर महिन्याला घरोघर जाऊन पाळीची तारीख विचारायची, दिवस गेले की ताटात काय पडते ते लिहून घ्यायचे, बाळ जन्मले की काटा आणि कातडीची जाडी मोजणारा चिमटा घेऊन हजर व्हायचे. सासू उंबऱ्यात उभी असताना परक्या माणसाला पाळीची तारीख सांगणे म्हणजे काय, हे इथल्या भगिनींना वेगळे सांगायला नको.

हाती लागले ते जगाला चकित करणारे होते. इंग्लंडमधल्या साउदम्प्टनचे बाळ सरासरी 3.5 किलोचे, इथले 2.7 किलोचे. पण दिसायला हडकुळ्या या बाळाच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी मात्र त्या मानाने टिकून. सुमारे दोन तृतीयांश आयांमध्ये बी-12 जीवनसत्त्व कमी निघाले. ज्यांच्यात फोलेट हे दुसरे जीवनसत्त्व भरपूर पण बी-12 कमी, त्यांच्या मुलांचे शरीर सहाव्या वर्षीच इन्सुलिनला सर्वांत कमी दाद देत होते. मधुमेहाची पेरणी पोटातच झालेली! तीच मुले वयात आल्यावर, 2012 पासून त्यांना बी-12 देऊन पुढच्या पिढीत फरक पडतो का, याचीही चाचणी झाली.

आणखी एक निष्कर्ष आहे, त्याचा गाजावाजा कमी झाला. गरोदरपणी पालेभाज्या, दूध, फळे वरचेवर खाणाऱ्यांची बाळे भरदार होती. पाणी भरणे, शेतातली जड कामे ज्यांच्या वाट्याला जास्त, त्यांची लहान. मला हाच सर्वांत बोचतो. बी-12ची गोळी सरकार देईल. हंडा कोणी उचलायचा ते मात्र आम्हा पुरुषांनीच ठरवायचे. म्हणून सरपंच मंडळींना आज मुद्दाम पहिल्या रांगेत बसवले आहे. मागच्या दाराने निसटायची सोय ठेवलेली नाही.

दुपारच्या पंगतीला मेथीची भाजी, भाकरी आणि ताक आहे. उद्या गावभेटीच्या बस सकाळी सातला सुटतील. तिथल्या बायकांना आपण प्रश्न विचारालच. त्यांचेही ऐकून घ्या. इतकी वर्षे नुसती उत्तरेच दिल्यावर त्यांच्याकडे बरेच प्रश्न साठले असतील.

अध्यक्षांनी आता परिषदेचे उद्घाटन करावे, ही विनंती.