साच्यावर एक सही ऑपरेटरची

नियंत्रण अभियंते मित्रहो,

मागच्या रांगेत काही ऑपरेटर मंडळी दिसताहेत. आजचं बोलणं त्यांच्या बाजूचं आहे.

माझ्या उमेदवारीच्या काळातली गोष्ट. एका जलशुद्धीकरण केंद्रात बारा पंप होते. मी एका पंपाची स्काडा स्क्रीन काढली, एकीवरून दुसरी अशी अकरा वेळा कॉपी-पेस्ट केली आणि टॅग हाताने बदलत गेलो. सातव्या पंपाच्या स्टार्ट बटणाला सहाचाच टॅग राहिला. चाचणीत ऑपरेटरने सातचं बटण दाबलं आणि पंपघरातून हाक आली, "साहेब, सहा फिरला!" फिटर सहाच्या कपलिंगपासून नुकताच बाजूला झाला होता.

तेव्हापासून मी साच्याचा माणूस झालो. पंपाचं चिन्ह, ऑटो-मॅन्युअल, ट्रिप, चाललेले तास हे सारं एकदाच बांधायचं, नीट तपासायचं आणि पुढे फक्त पंपाचा क्रमांक द्यायचा. टॅग आपसूक जुळतात. साच्यात केलेली दुरुस्ती बाराही पंपांना लागते.

पण मित्रहो, चूकही तशीच बाराही पंपांना लागते.

२८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात दाब सोडणारी झडप उघडी अडकली. पॅनेलवरचा दिवा मात्र विझला होता. झडपेच्या सोलेनॉइडला वीज आहे की नाही, एवढंच तो सांगायचा. झडप खरोखर मिटली का, हे त्याला ठाऊकच नव्हतं. झडप बंद आहे असं समजून माणसं दोन तासांहून अधिक काळ चुकीच्या दिशेने शोधत राहिली. तिथे दिवा एक होता. आज 'हुकूम दिला म्हणजे काम झालं' असं मानणारा झडपेचा साचा दोनशे ठिकाणी तेच खोटं सांगेल. म्हणून साच्यात हुकूम आणि फीडबॅक वेगवेगळे दिसलेच पाहिजेत.

अलार्मचंही तसंच. २४ जुलै १९९४ ला वेल्समधल्या मिलफर्ड हेवनच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोट झाला. त्याआधीच्या सुमारे अकरा मिनिटांत दोन ऑपरेटरांपुढे २७५ अलार्म आले होते. आपण एका पंपाच्या साच्यात 'असू द्या' म्हणून आठ अलार्म ठेवतो. पंप पन्नास झाले की ते चारशे होतात. मोजून पाहा.

रंगाचंही भान हवं. विजेच्या पॅनेलवर लाल म्हणजे ब्रेकर चालू. प्रक्रिया उद्योगात अनेक ठिकाणी हिरवा म्हणजे पंप चालू. एकीकडचा साचा दुसरीकडे जसाच्या तसा नेला, तर रात्रपाळीतल्या झोपाळलेल्या डोळ्यांनी विश्वास कशावर ठेवायचा?

पेणच्या कारखान्यांत गणपतीची मूर्ती साच्यातून निघते, पण डोळ्यांची आखणी साच्यावर सोडत नाहीत. तिथे हात जाणकाराचाच लागतो. आपल्या धंद्यात तो जाणकार म्हणजे रोज स्क्रीनपुढे बसणारा ऑपरेटर.

म्हणून एकच मागणं. साचा मंजूर होताना कागदावर डिझाइनरची, तपासणाऱ्याची आणि ग्राहकाची सही असते. त्याखाली चौथी ओळ आखा, आणि ती सही ऑपरेटरने साच्यासोबत एक पूर्ण पाळी काढल्यावरच घ्या.